रिद्धपूरचा वारसा आणि इंग्रजीची वही

मराठी भाषेच्या इतिहासात रिद्धपूरचे स्थान काय, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात वसलेल्या या गावात तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले आणि मराठी गद्याला पहिला मोठा ग्रंथ लाभला. गोविंदप्रभूंचे हे गाव. महदाइसेचे धवळेही याच गावाशी जोडलेले. राज्य सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन करण्याची घोषणा केली. २०२४ मध्ये डॉ. अविनाश आवलगावकर यांची पहिले कुलगुरू म्हणून नियुक्ती झाली आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. सातशे वर्षांपूर्वीच्या एका निर्णयाचा हा उशिरा झालेला गौरवच म्हणावा लागेल.

मात्र याच परिसरातील एखाद्या शेतकऱ्याला अथवा शेतमजुराला मुलांच्या शिक्षणाविषयी विचारले, तर पहिली अपेक्षा इंग्रजीचीच व्यक्त होईल. त्यात गैर काही नाही. न्यायालयाच्या निकालापासून बँकेच्या अर्जापर्यंत आणि वैद्यकीय प्रवेशापासून पुण्यातील नोकरीपर्यंत जिथे-तिथे इंग्रजी आडवी येते, हा त्या पालकांचा रोजचा अनुभव आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटले त्याला दीड शतक होत आले, तरी त्या दुधाची ओढ कमी झालेली नाही. तेव्हा मुलांनी इंग्रजी शिकावी की नाही, हा वाद आता निरर्थक आहे. खरा प्रश्न त्याहून लहान आणि म्हणूनच दुर्लक्षित आहे. सहावी, सातवी, आठवीच्या वर्गात इंग्रजीच्या तासाला मुले नेमके काय वाचतात, काय लिहितात आणि त्यातले त्यांचे स्वतःचे किती असते?

भरलेली वही

हा तास महाराष्ट्रातील बहुतेकांच्या परिचयाचा आहे. शिक्षक धड्यातील एकेक वाक्य वाचून त्याचा मराठीत अर्थ सांगतात. मुले कठीण शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहून ठेवतात. धडा संपला की स्वाध्यायाची उत्तरे फळ्यावर येतात आणि फळ्यावरून वहीत उतरतात. शब्दार्थ, रिकाम्या जागा, जोड्या लावा, एका वाक्यात उत्तरे आणि शेवटी दहा ओळींचा निबंध, असा हा क्रम वर्षानुवर्षे चालत आला आहे. निबंधाचे विषयही ठरलेले असतात. माझी शाळा, माझी आई, गाय हा उपयुक्त प्राणी. ज्या मुलाने संत्र्याच्या बागेतून बाहेरचे जग फारसे पाहिलेले नाही, तोही थंड हवेच्या ठिकाणच्या सहलीचे वर्णन गाईडमधून उतरवून काढतो. वहीवर लाल शाईची सही होते. शाळेच्या भाषेत त्याला ‘वही पूर्ण होणे’ असे म्हणतात.

हा शब्दप्रयोगच पुरेसा बोलका आहे. तपासणी अधिकारी, मुख्याध्यापक, पालक, सारे वही पूर्ण आहे का, एवढेच पाहतात. त्या वहीचा धनी तिच्यातील एखादे वाक्य स्वतः रचू शकतो का, असे कोणी विचारत नाही. २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. तिचा हेतू अत्यंत योग्य होता. केवळ लेखी परीक्षेवर मुलाचे मोल ठरू नये, तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय यांतून ते कळावे, अशी ती कल्पना होती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी प्रकल्प म्हणजे दुकानातून आणलेली चित्रे चिकटवलेला जाड कागद आणि उपक्रम म्हणजे नोंदवहीतील एक रकाना, इतकेच उरले. दुसरीकडे शिष्यवृत्ती परीक्षेत प्रश्न बहुपर्यायी असल्याने तिथे एकही वाक्य लिहावे लागत नाही. उत्तराचे वर्तुळ काळे केले की काम भागते. अशा रीतीने पहिलीपासून आठवीपर्यंत एखादे मूल इंग्रजीच्या डझनभर वह्या पूर्ण करते आणि तरीही स्वतःच्या गावाबद्दल, घराबद्दल तीन सलग वाक्ये लिहायला सांगितली की थबकते.

पाव शतकाचा हिशेब

महाराष्ट्रात मराठी शाळांमधून पहिलीपासून इंग्रजी शिकवण्याचा निर्णय रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० मध्ये अमलात आला. तोवर अनेक पिढ्यांची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडत असे. त्या निर्णयावर तेव्हा मोठे वादळ उठले. कोवळ्या वयात परकी भाषा लादू नये, असे विरोधकांचे म्हणणे होते. बहुजनांच्या मुलांना ही भाषा आणखी किती काळ नाकारणार, असा समर्थकांचा सवाल होता. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते.

त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत. त्यांचीच मुले आता शाळेत जाऊ लागली आहेत. मराठी शाळेतच पहिलीपासून चांगली इंग्रजी मिळेल, असे आश्वासन या पिढीला दिले गेले होते. ते पाळले गेले असते, तर आपल्या मुलांसाठी इंग्रजी माध्यमाची शाळा शोधण्याची वेळ तिच्यावर येण्याचे कारण नव्हते. आज तालुक्याच्या ठिकाणी पिवळ्या रंगाच्या शालेय बस ज्या संख्येने धावताना दिसतात, त्यावरून या पिढीचा निकाल काय आहे, याचा अंदाज येतो. इंग्रजी लवकर सुरू केली, पण ती शिकवण्याची रीत जुनीच राहिली. पाचवीतील घोकंपट्टी पहिलीत आली, एवढाच फरक पडला, असे या निर्णयाचे मूल्यमापन कोणी केले, तर ते खोडून काढणे अवघड जाईल.

देशपातळीवरील आकडेही हेच सुचवतात. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाच्या २०२२ च्या अहवालानुसार, ग्रामीण भारतात इंग्रजीतील सोपी वाक्ये वाचू शकणाऱ्या पाचवीच्या मुलांचे प्रमाण २४.५ टक्के होते. २०१६ मध्ये ते २४.७ टक्के होते. आठवीच्या वर्गात हेच प्रमाण ४५.३ वरून ४६.७ टक्क्यांवर गेले. म्हणजे उच्च प्राथमिक शिक्षण संपवण्याच्या उंबरठ्यावर उभी असलेली निम्म्याहून अधिक मुले एखादे सोपे वाक्यही वाचू शकत नाहीत आणि सहा वर्षांत या स्थितीत नाव घेण्याजोगा बदल झालेला नाही. २०२३ च्या अहवालात १४ ते १८ या वयोगटाचा विचार करण्यात आला. त्यात ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्ये वाचता आली, परंतु वाचता येणाऱ्यांपैकी सुमारे पाव मुलांना त्या वाक्यांचा अर्थ सांगता आला नाही. अक्षरे ओळखीची, उच्चार बरोबर, पण आशय मात्र हाती नाही, अशी ही अवस्था आहे. फळ्यावरून उतरवून घेण्यात ज्यांचे शिक्षण गेले, त्यांची याहून वेगळी अवस्था कशी असणार?

कोरी पाने आणि पाठीवरचे ओझे

लिहिण्याच्या प्रश्नाकडे शासनाचे लक्ष गेले नाही, असे नाही. मार्च २०२३ मध्ये शालेय शिक्षण विभागाने दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांचे भाग करून त्यात वहीची कोरी पाने समाविष्ट करण्याचा निर्णय घेतला. दप्तराचे ओझे कमी व्हावे, गरीब मुलांना वह्यांचा खर्च पडू नये आणि धडा चालू असतानाच मुलांनी नोंदी कराव्यात, असा त्यामागचा उद्देश होता. जानेवारी २०२५ मध्ये हा निर्णय मागे घेण्यात आला. पानांचा अपेक्षित उपयोग होत नाही आणि मुले स्वतंत्र वह्या आणतच आहेत, असे आढळून आले होते.

या प्रसंगातून जो धडा घ्यायला हवा होता, तो मात्र चर्चेत आला नाही. वाद रंगला तो कागदाच्या दर्जावर, छपाईच्या खर्चावर आणि ओझ्याच्या वजनावर. कोऱ्या पानावर मुलाने काय लिहायचे, हे जोवर वर्गातील व्यवहारातून ठरत नाही, तोवर ते पान पुस्तकात असले काय आणि वहीत असले काय, कोरेच राहणार. ऐकता ऐकता मनात उमटलेले टिपून घेणे ही एक सवय आहे. जिथे तयार उत्तर फळ्यावर येणारच आहे, तिथे ती सवय लागण्याचे कारणच उरत नाही.

याचा सारा दोष शिक्षकाच्या माथी मारणे सोपे असले, तरी न्याय्य नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी दर ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक आवश्यक आहे आणि त्यांत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक असावा, असे म्हटले आहे. भाषा हा शब्द तिथे एकत्रित आहे. म्हणजे किमान निकषावर चालणाऱ्या शाळेत मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषा एकाच शिक्षकाच्या वाट्याला येतात. एका वर्गातील ३५ मुलांनी तिन्ही भाषांत आठवड्यातून एकदा एक पान स्वतःहून लिहिले, तर १०५ पाने होतात. प्रत्येक पानाला अवघी दोन मिनिटे दिली, तरी साडेतीन तास लागतात. तीन वर्गांचे मिळून ते साडेदहा तास होतात. अध्यापन, माहितीचे ऑनलाइन तक्ते, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामे हे सारे सांभाळून हा वेळ काढायचा. फळ्यावरचे उत्तर पस्तीसही वह्यांत सारखेच असते आणि ते तपासायला सहीपुरताच वेळ लागतो. नकलेची ही व्यवस्था आळसातून नव्हे, तर या हिशेबातून जन्माला आली आहे. ती बदलायची, तर आधी हा हिशेब बदलावा लागेल.

म्हाइंभटांचा स्वाध्याय

रिद्धपूरचा इतिहास या ठिकाणी नुसत्या अभिमानापलीकडे जाऊन उपयोगी पडतो. म्हाइंभट हे संस्कृतात मुरलेले पंडित होते. त्यांच्याजवळ तयार भाषा होती, तयार साचे होते. चक्रधरस्वामींच्या आठवणी त्या साच्यांत ओतून एखादे स्तुतिपर चरित्र रचणे त्यांना कठीण नव्हते. त्यांनी तसे केले नाही. ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते, त्या माणसांकडे ते गेले, त्यांना विचारले, त्यांचे बोलणे ऐकले, टिपले आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतले. विचारणे, ऐकणे, टिपणे, पडताळणे आणि मग लिहिणे या पाच पायऱ्यांतून मराठीतील पहिला गद्यग्रंथ उभा राहिला. आज जगभरचे शिक्षणतज्ज्ञ लेखन शिकवण्यासाठी ज्या रीतीचा पुरस्कार करतात, ती याहून फार वेगळी नाही.

याच परंपरेतील आणखी एक आठवण प्रसिद्ध आहे. केशिराजांसारख्या विद्वानाने संस्कृतात रचना करण्याचा विचार मांडला, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. तसे केले तर पंथातील साध्यासुध्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, ही त्यांची चिंता होती. या प्रसंगाचा उपयोग इंग्रजीविरुद्ध शस्त्र म्हणून करण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु नागदेवाचार्यांचा रोख एखाद्या भाषेवर नव्हता. ज्याच्यासाठी सांगायचे त्याला ते कळले पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह होता. आज हाच आग्रह इंग्रजीच्या तासाला लावून पाहिला तर काय दिसते? अर्थ न कळता वाचणारे मूल हे त्या वृद्ध स्त्रियांइतकेच वंचित आहे. फरक इतकाच की, त्याच्या हाती पुस्तक आहे आणि त्याची वही पूर्ण आहे.

पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. भाषा मराठी, पण लिपीचे कुलूप. ते कुलूप विसाव्या शतकात संशोधकांनी उघडले, तेव्हा कुठे हे वाङ्मय सर्वांसमोर आले. इंग्रजीच्या वर्गात नेमका याच्या उलट प्रकार घडतो. लिपी सर्वांना येते, कुलूप अर्थाला असते.

पाठांतराचीही सरसकट निंदा करण्याचे कारण नाही. परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत हरवली, तेव्हा अनुयायांनी मुखोद्गत केलेल्या पाठांच्या आधारेच तो ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला, असे परंपरा सांगते. पण ते पाठांतर अर्थासह होते. त्यांना त्या लीळा कळलेल्या होत्या, म्हणून त्या टिकल्या. न कळलेला निबंध परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीही आठवत नाही.

वऱ्हाडीची शिडी

वऱ्हाडातील मुलांपुढे आणखी एक अडचण आहे आणि तिच्यातच एक मोठी सोयही दडलेली आहे. घरची भाषा वऱ्हाडी, पुस्तकाची भाषा प्रमाण मराठी आणि त्यावर इंग्रजी, अशा दोन पायऱ्या या मुलाला चढायच्या असतात. ‘मले’, ‘तुले’ म्हणणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीच्या तासालाही आपण चुकतो आहोत असे वाटत असेल, तर इंग्रजीच्या तासाला त्याने तोंड उघडावे, ही अपेक्षा व्यर्थ आहे. परंतु हीच बोली इंग्रजीचे काही दरवाजे सहज उघडू शकते. ‘तो शाळेत जाऊन राह्यला’ असे वऱ्हाडी मूल रोज म्हणते. क्रिया चालू आहे, हे ‘राह्यला’ या शब्दातून ते स्पष्टपणे दाखवते. ‘ही इज गोइंग टू स्कूल’ या रचनेत हेच दाखवायचे असते. प्रमाण मराठीत ‘तो शाळेत जातो’ हे वाक्य रोजच्या जाण्यालाही चालते आणि आत्ताच्या जाण्यालाही चालून जाते, त्यामुळे चालू काळाची कल्पना समजावताना शिक्षकाची दमछाक होते. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाजवळ ती कल्पना आधीच आहे. ती त्याच्या बोलण्यातून उचलून घ्यायची, इतकेच काम उरते.

जुन्या पिढीला तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला आठवत असतील. मराठी वाक्यावरून इंग्रजी वाक्य रचण्याची ती रीत पुढे मागास ठरवली गेली आणि इंग्रजीच्या तासाला फक्त इंग्रजीच, असा आग्रह धरला गेला. शिक्षकालाच अस्खलित बोलता येत नसेल, तर या आग्रहातून शांतता तेवढी निर्माण होते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी अध्यापनाविषयीच्या आधारपत्रात मुलांच्या घरच्या भाषांना वर्गात स्थान देण्याचा आणि त्यांच्या कानांवर, डोळ्यांवर अर्थपूर्ण इंग्रजी भरपूर पडेल अशी व्यवस्था करण्याचा पुरस्कार केलेला आहे. वऱ्हाडातील वर्गात या धोरणाचा अर्थ अगदी साधा आहे. मुलाने आधी आपल्या बोलीत सांगावे, मग प्रमाण मराठीत लिहावे आणि त्यातील झेपेल तेवढे इंग्रजीत आणावे.

समजा, सातवीतील एखाद्या मुलीने लिहिले, ‘माय फादर ऑरेंज गार्डन इन वर्क.’ प्रचलित पद्धतीत या वाक्यावर लाल फुली पडेल आणि गायीच्या उपयुक्ततेवरील उतरवलेल्या दहा निर्दोष ओळींना पूर्ण गुण मिळतील. वास्तविक ही मुलगी भाषा शिकू लागल्याचा पुरावा त्या चुकीच्या वाक्यातच आहे. ‘बगीच्यात’ या शब्दातील शेवटचा ‘त’ तिने इंग्रजीत शोधला, ‘इन’ हा शब्द तिला सापडला आणि मराठीच्या सवयीने तिने तो नामाच्या मागे लावला. क्रियापदही मराठीप्रमाणे शेवटी नेले. मराठीत जे शब्दाच्या मागे चिकटते, ते इंग्रजीत पुढे येते आणि मराठीत वाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद तिथे कर्त्याच्या पाठोपाठ बसते, ही दोन सूत्रे या एका वाक्यावरून साऱ्या वर्गाला सांगता येतात. उतरवलेल्या दहा ओळींवरून शिक्षकाला त्या मुलाबद्दल काहीही कळत नाही.

काय वाचावे, काय लिहावे?

वाचनासाठी साहित्य नाही, ही तक्रार अर्धीच खरी आहे. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तके असलेले ग्रंथालय अपेक्षित धरले आहे. ते कपाटाच्या कुलपाबाहेर काढणे ही पहिली गरज. त्याखेरीज इंग्रजी आता गावातच येऊन राहिली आहे. ठिबक सिंचनाच्या संचावर, औषधांच्या वेष्टनावर, मोबाइलच्या पडद्यावर, बियाण्यांच्या पिशवीवर ती असतेच. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला. कीटकनाशकाच्या माहितीपत्रकावरील लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या त्रिकोणाचा अर्थ काय, ‘पॉयझन’ हा शब्द कोणत्या त्रिकोणासोबत येतो, फवारणी करताना काय घालावे, याच्या सूचना इंग्रजीत आणि प्रादेशिक भाषेत शेजारी शेजारी ठेवून आठवीच्या वर्गाने वाचल्या, तर तो इंग्रजीचा उत्तम धडा ठरेल. त्यात शब्दसंग्रह आहे, आज्ञार्थी वाक्ये आहेत आणि घरी जाऊन वडिलांना सांगण्यासारखे काही आहे. अर्थात त्यासाठी डबा हाताळण्याची गरज नाही, दुकानात मिळणारे पत्रक पुरेसे आहे.

लेखनाचेही तसेच. रिद्धपूरसारख्या गावात तीर्थस्थानांच्या दर्शनासाठी बाहेरून माणसे येतात. आपल्या गावात काय पाहावे, हे पाहुण्याला पाच इंग्रजी वाक्यांत सांगणे हा सहावीचा स्वाध्याय होऊ शकतो. आजीला तिच्या लहानपणच्या बाजाराबद्दल पाच प्रश्न विचारून तिची उत्तरे आधी तिच्याच शब्दांत टिपायची आणि त्यातील तीन इंग्रजीत आणायची, हा सातवीचा स्वाध्याय झाला. संत्र्याचा आंबिया आणि मृग बहार यांतील फरक शहरातील मुलाला कळेल असा लिहिणे हे आठवीच्या मुलाला जमण्यासारखे आहे. अशा लेखनात चुका होतील. पण पस्तीस वह्यांत पस्तीस निरनिराळी पाने असतील आणि शिक्षकाला ती वाचावीशी वाटतील, हा लाभ लहान नाही.

तपासणीचा भार हलका करण्याचे उपायही आहेत. प्रत्येक पान दर आठवड्याला तपासण्याची सक्ती काढून दर आठवड्याला आठ-दहा मुलांची पाने बारकाईने पाहिली, तर महिन्याभरात सारा वर्ग होतो. उरलेल्यांनी आपले लेखन शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावे. एका वेळी एकाच प्रकारची चूक दुरुस्त करावी. यातील कशालाही निधी लागत नाही. मात्र वही अर्धी कोरी किंवा चुकांनी भरलेली दिसली, तर तपासणी अधिकाऱ्याने शिक्षकाला जाब विचारू नये, अशी हमी लागते. ती हमी वरून, लेखी स्वरूपात आली पाहिजे.

या पद्धतीने अभ्यासक्रम पूर्ण होणार नाही, असा आक्षेप निश्चितच घेतला जाईल. तो रास्त आहे. सेमी इंग्रजीच्या वर्गात तर विज्ञान आणि गणितही इंग्रजीतून असल्याने इंग्रजीच्या तासावर अधिकच ताण येतो. परंतु तिथेच हे कच्चेपण सर्वांत महाग पडते. व्याख्या न समजता उतरवण्याची सवय इंग्रजीच्या वहीतून विज्ञानाच्या वहीत शिरते आणि एका विषयाचे नुकसान तीन विषयांचे होते. चार धडे कमी करून मुलांना महिन्यातून चार पाने स्वतः लिहायला मिळाली, तर तो तोट्याचा व्यवहार म्हणता येणार नाही. शिवाय आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हाताशी असलेल्या मोबाइलवर कोणताही ठरावीक निबंध क्षणार्धात तयार मिळतो. गाईडची जागा मोबाइलने घेतली आहे. ज्या स्वाध्यायाचे उत्तर सर्वांसाठी एकच आहे, त्याचे शैक्षणिक मोल आता शून्यावर आले आहे. आजीने काय सांगितले, हे मात्र तिला विचारल्याशिवाय कळत नाही.

वादापलीकडचे काम

२०२५ मध्ये राज्याने भाषेवरून मोठा संघर्ष पाहिला. पहिलीपासून हिंदी अनिवार्य करणारा शासन निर्णय १६ एप्रिलला निघाला, १७ जूनला त्यात बदल झाला आणि जनमताच्या रेट्यापुढे २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्याची घोषणा झाली. मुलांवर किती भाषांचे ओझे टाकावे, यावर त्या काळात भरपूर बोलले गेले आणि ते आवश्यकच होते. पण जी भाषा पंचवीस वर्षांपासून पहिलीत आहे, ती तिथे कशी शिकवली जाते, हा प्रश्न त्या साऱ्या गदारोळात जवळजवळ अस्पर्शित राहिला. भाषा कोणत्या इयत्तेत सुरू करावी, हे ठरवायला एक शासन निर्णय पुरतो. ती वर्गात कशी उतरवावी, यासाठी वर्षे खर्ची घालावी लागतात. आपल्याकडे पहिल्याची हौस अधिक आहे.

रिद्धपूरचे विद्यापीठ या दुसऱ्या कामात पुढाकार घेऊ शकते. मराठीच्या विद्यापीठाने इंग्रजीच्या तासाची काळजी का करावी, असे कोणी विचारील. उत्तर असे की, इंग्रजीच्या तासातील अपयशाचा पहिला फटका मराठी शाळेलाच बसतो. त्या अपयशाला कंटाळून पालक मराठी माध्यम सोडतात, वर्ग ओस पडतात आणि मराठीत गंभीर काही वाचू-लिहू शकणारी पिढीच आटत जाते. वऱ्हाडी, प्रमाण मराठी आणि इंग्रजी या तिन्हींचा मेळ घालणारा शालेय शब्दकोश, बोलीच्या आधारे इंग्रजी रचना समजावणारी शिक्षकांसाठीची हस्तपुस्तिका, परिसरातील आठवणी मुलांकडून टिपून घेणारा एखादा उपक्रम ही कामे दुसरे कोणते विद्यापीठ अधिक अधिकाराने करू शकेल?

ज्या मातीत विचारून, ऐकून, पडताळून लिहिण्याची रीत सातशे वर्षांपूर्वी रुजली, तिथल्या मुलांना आज फळ्यावरचे उतरवून घेण्याखेरीज दुसरे लेखन शिकवले जाऊ नये, ही खेदाची बाब आहे. या मुलांना इंग्रजी यायला हवी, याबद्दल दुमत नाही. ती यावी यासाठी आधी त्यांच्या स्वतःच्या एका चुकीच्या वाक्याला वहीत जागा द्यावी लागेल आणि ते वाचायला शिक्षकाला वेळ द्यावा लागेल. शासनाच्या तिजोरीतून हे दोन्ही फारसे महाग नाही. वही पूर्ण दिसलीच पाहिजे हा हट्ट तेवढा सोडावा लागेल.